गुरुदासच्या नावाचा युजर

"माका एकच सांग," अध्यक्ष हरिश्चंद्र पालव सर्वेशला म्हणाले, "काशीबाय माझ्या वर कशी इली?"

प्रश्न संगणकाबद्दल होता. कट्ट्याच्या बाजारात, भुसारी दुकानाच्या माडीवर, रवळनाथ काजू-कोकम संस्थेचं ऑफिस आहे. तिथला जुना संगणक विजेच्या कडकडाटात गेला, नवा आला, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या सर्वेशने तो सुरू करून दिला. पडद्यावर तीन नावं उमटली. काशीबाई. भिकाजी. हरिश्चंद्र. तेव्हापासून संस्थेचं काम बंद होतं.

"बाराखडीप्रमाणे लावता ता, अण्णा," सर्वेश म्हणाला. "पयलो क, मगे भ, मगे ह."

"पालखीक खांदो देताना बाराखडी बघतत काय? गावात पयलो मान पालवांचो. आजोबांपासून."

"मगे पालखी ह्येच्यात घाला," काशीबाई म्हणाल्या. त्या काजू फोडणाऱ्या बायांमधून निवडून आल्या होत्या. काजूच्या तेलाने काळी झालेली बोटं त्यांनी टेबलावर पसरून ठेवली होती, आणि पडद्यावरचं आपलं पहिलं नाव त्या नव्या सुनेकडे बघावं तसं बघत होत्या.

सचिव भिकाजी दोघांच्या मधे बसले होते. पडद्यावरही ते दोघांच्या मधेच होते, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पण तिघांची नावा कित्याक व्हयी? यंत्र एकच आसा मा?"

सर्वेशला असे प्रश्न आवडायचे. "ह्या बघा. भाऊ वाटणी करतत तेव्हा काय होता? घर एकच, विहीर एकच, खळा एकच. पण चुली वेगळ्यो. तसाच ह्या. अण्णांच्या नावान आत गेलास तर अण्णांचा मेल, अण्णांची सही, अण्णांचो फोटो. काशीकाकीच्या नावान गेलास तर सगळा तिचा. एकाच्या चुलीर काय शिजता ता दुसऱ्याक दिसणा नाय."

"आणि खुर्चेत कोण बसलोहा ता तेका कसा कळता?"

"ता तेका कळणाच नाय. कोणाच्या नावान आत इलो, इतक्याच तो बघता. बसलेलो कोण पण असांदे."

खुर्चीत गुरुदास हडकर बसलेला होता. संस्थेचा लिपिक. तिथे टाइपरायटर होता तेव्हापासून तोच बसलेला आहे. अध्यक्ष, सचिव आणि महिला प्रतिनिधी संगणकाकडे क्वचित यायचे, आणि आले तरी देवळात येतात तसे, दोन हात अंतर ठेवून. तिघांचे मेल गुरुदासच लिहायचा. सर्वेशने तिघांनाही बजावलं होतं की पासवर्ड कोणाला सांगू नका. म्हणून तिघांनीही तो कोणाला सांगितला नाही, फक्त गुरुदासला सांगितला, म्हणजे तो विसरायला होणार नाही. अण्णांचा पासवर्ड त्यांच्या बैलाचं नाव होतं. भिकाजींचा 'भिकाजी' होता. काशीबाईंचा म्हणजे वारलेल्या नवऱ्याला त्या कोणी नसताना ज्या नावाने हाक मारायच्या ते नाव. ते गुरुदासने आजपर्यंत घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

तो अण्णांच्या नावाने आत गेला की 'आपणास सक्त ताकीद देण्यात येते' असं लिहायचा. भिकाजींच्या नावाने गेला की 'सवडीने कळविल्यास उपकृत होऊ'. काशीबाईंच्या नावाने गेला की 'पोती ओली आली. असं चालायचं नाही. काशीबाई.' दशावतारातला एखादा नट रात्रभरात तीन सोंगं काढतो, मधे फक्त मिशी बदलतो, तसं चाललेलं होतं. गुरुदासच्या स्वतःच्या नावाचा युजर नव्हता. तो हवा असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

नावांचा वाद शेवटी असा मिटला, की अण्णा येतील तेव्हा गुरुदासने पडद्यावर आधीच त्यांचा युजर उघडून ठेवायचा. म्हणजे यादी त्यांना दिसायलाच नको. पुढचं सगळं या तोडग्याने झालं.

---

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी गुरुदासच्या बायकोने, नर्मदाने, तांदळाची पेज वाढता वाढता सांगितलं, "रसिकाचो फोन इल्लो."

गुरुदासने मान हलवली.

रसिका त्यांची एकुलती एक मुलगी. मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. हडकरांच्या घरातले तीन पिढ्यांचे पुरुष जहाजावर गेले होते. गुरुदास एकटाच गेला नव्हता, कारण त्याला होडीतसुद्धा उलटी व्हायची. पोरगी जाते म्हणाली तेव्हा तो 'जा' म्हणाला नाही आणि 'जाव नको'ही म्हणाला नाही. ती कुडाळ स्टेशनवरून गाडीत बसली त्या दिवशी तो ऑफिसमध्ये होता. सगळा गाव स्टेशनवर होता, भुसारी दुकानदारसुद्धा. माडीवर गुरुदास एकटा. तेव्हापासून दोन चतुर्थ्या रसिका घरी आलेली नव्हती. सुट्टी मुंबईला मैत्रिणीकडे काढायची. बंदरात जहाज लागलं की आईला फोन करायची. बापलेकीत भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

"पुढच्या म्हयन्यात जहाजावरसून उतरता ती," नर्मदा म्हणाली. "कंपनी विचारता, तिकीट खंयचा काढू? मुंबयचा काय गोव्यातल्या मोप्याचा? ह्या म्हयनाअखेर सांगूक व्हया."

"मगे तू सांग ना, ये म्हणान."

"मी सांगलंय. ती म्हणता, आई, तू दरवर्षी सांगतंस. पप्पांका सांगूंदे."

"मी काय वेगळा सांगतलंय?"

"ताच सांगा. पण तुमी सांगा." तिने लोणच्याची बरणी जरा जोरातच ठेवली. "आता तिचा जहाज समुद्रात गेला. फोन लागाचो नाय. मेल जाता म्हणता. तुमका तरी मेलाशिवाय दुसरा काय येता?"

हे खरं होतं. गुरुदासला मोबाइलवर बोटं चालवायला जमत नसे. टेबल, खुर्ची आणि कीबोर्ड असल्याशिवाय त्याला शब्दच फुटत नसत.

ऑफिसात गेल्यावर त्याने आधी ट्रकवाल्याला ताकीद लिहिली. मग आजूबाजूला बघितलं, खिशातून रसिकाच्या मेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी काढली आणि लिहिलं:

'चि. रसिका हिस, अनेक आशीर्वाद. यंदा चतुर्थीस घरी यावे. आईची तशी इच्छा आहे.'

तीनदा वाचलं. आपलीही इच्छा आहे असं घालावं की काय, असा विचार केला, पण मजकूर मोठा होईल असं वाटून पाठवून दिलं. पाठवल्यावर पडद्यावर अख्खं पत्र दिसलं. त्याच्या शब्दांच्या खाली, रोजच्यासारखंच, आपोआप चिकटलेलं होतं:

'हरिश्चंद्र गो. पालव, अध्यक्ष. सदर पत्राबाबत सात दिवसांत लेखी खुलासा न आल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरले जाईल.'

अण्णा येणार होते म्हणून त्यांचा युजर उघडा होता. आणि अण्णा आलेच नव्हते, त्यांच्या बैलाचं पोट फुगलं होतं.

गुरुदासने पडद्यावर बोट ठेवून ते पत्र मागे ओढायचा प्रयत्न केला.

---

सोमवारी समितीची बैठक. बैठकीत गुरुदास आलेले मेल मोठ्याने वाचून दाखवायचा, ही पद्धत. अध्यक्षांची पत्रं आधी, कारण मान. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याचं दराबद्दल आलं होतं ते वाचलं. तळेऱ्याच्या एकाला कोकम आगळाची रिकामी कॅन हवी होती, ते वाचलं. मग पुढचं उघडलं आणि त्याच सरकारी आवाजात सुरू केलं:

"मा. अध्यक्ष महोदय, आपले पत्र मिळाले. याबाबत माझे काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरावे. कळावे."

तो थांबला.

"बरा लिवल्यान," अण्णा म्हणाले. "खुलासो येळेत. कोणाचा तो?"

गुरुदासने पत्र पडद्यावर खाली सरकवलं.

"खाली नाव कोणाचा, गुरुदासा?" काशीबाई.

"रसिका गुरुदास हडकर," गुरुदासने वाचलं. "थर्ड ऑफिसर."

खाली बाजारात एसटी लागली, कंडक्टरने दार आपटलं, ते सगळं माडीवर ऐकू आलं.

मग गुरुदासला सांगावं लागलं. त्याने थोडक्यात सांगितलं, इतिवृत्तात लिहितात तसं. भिकाजी चष्मा पुसत राहिले. काशीबाई हसल्या आणि मधेच हसायच्या थांबल्या.

"म्हणजे," अण्णा हळूच म्हणाले, "तुझ्या चेडवाक घराक ये म्हणान मी लिवलंय?"

"व्हय."

"आणि तिना माका नाय म्हटल्यान?"

"व्हय."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. हरिश्चंद्र पालव वाईट माणूस नव्हते. त्यांना एवढंच माहीत होतं की एखादी अडचण बैठकीसमोर आली की तिच्यावर ठराव करायचा असतो. "ह्या असा सोडूचा नाय," ते म्हणाले. "विषय घ्या."

विषय घेतला गेला. 'कु. रसिका हिचे चतुर्थीस घरी येणेबाबत.' सूचक अण्णा, अनुमोदक भिकाजी. ठरलं असं, की तिघांनीही आपापल्या नावाने तिला पत्र धाडायचं, म्हणजे वजन पडेल. आणि पत्रं लिहायला अर्थातच गुरुदासला सांगितलं.

अण्णांच्या नावाने त्याने आपल्या मुलीला लिहिलं, 'आपण चतुर्थीस घरी न चुकता हजर राहावे.' बाहेर पडला, भिकाजींच्या नावाने आत गेला आणि लिहिलं, 'आपणास कोणतीही गैरसोय न होता येणे शक्य झाल्यास आभारी राहू.' पुन्हा बाहेर पडला. काशीबाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, तो लिहीत होता, "गो रसिका, उगाच शानपणा करू नको. ये. काशीकाकी."

"आता जगातला खंयचा पण चेडू येतला," भिकाजी म्हणाले.

उत्तर आलं नाही. अण्णांकडे नाही, भिकाजींकडे नाही, काशीबाईंकडे नाही. गुरुदास रोज सकाळी तिन्ही घरांत डोकावून यायचा. एका घरातून निघून दुसऱ्यात शिरताना पडदा जरा वेळ निळा व्हायचा. तेवढा वेळ तो कोणीच नसायचा.

पुढच्या सोमवारी भिकाजींनी सुचवलं, "स्मरणपत्र धाडूया काय?"

"तुमचा स्मरणपत्र घाला चुलीत!" काशीबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हयनोअखेर इलो. त्या चेडवाक काय कळाचा? अख्खी संस्था बोलवता, फक्त बापूस बोलणा नाय! गुरुदासा, तू लिव. तुझ्या नावान."

"माझ्या नावाचो युजर नाय, काकी."

"मगे करूक लाव! त्या सर्वेशाक हाक मार."

अण्णा घुटमळले. "संस्थेच्या यंत्रार... नोकराचा नाव?" ते हे उर्मटपणे म्हणाले नाहीत. त्यांच्या मते ही देवळातल्या खांबासारखी गोष्ट होती, कुठला खांब कोणाचा ते ठरलेलं असतं. "घालूया, पण सगळ्यांच्या खाली."

सर्वेश आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खाली जावचा नाय, अण्णा. काशीबाई, गुरुदास, भिकाजी, मगे तुमी."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. गावचे पहिले मानकरी चौथ्या नंबरवर जात होते. गुरुदास म्हणाला, "ऱ्हवांदे, अण्णा. काय गरज नाय."

अण्णांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. कदाचित पहिल्यांदाच, खुर्चीत कोण बसलंय ते बघितलं. "कर रे," ते सर्वेशला म्हणाले. "मी खंय यादी बघतंय?"

नवी गोष्ट सुरू होतेय म्हटल्यावर भिकाजींनी खालून नारळ मागवला. तो संगणकाच्या पुढे ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी तुझो लेकरू गुरुदास जो काय नवो युजर काढता, तेका कसली इडापिडा, व्हायरस-बियरस इलो, तर तो भायरच्या भायर परतून लाव, आणि तेचा चेडू सुखरूप घराक हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सर्वेशसुद्धा म्हणाला, आणि मग त्याने बटण दाबलं.

पडदा निळा झाला. अक्षरं आली: 'नमस्कार. आम्ही तुमच्यासाठी सर्व काही तयार करत आहोत.'

गुरुदास पुढे वाकला. "माझ्यासाठी?"

प्रत्येक नव्या माणसाला तसंच दाखवतात, हे सर्वेशच्या ओठावर आलं होतं. "व्हय, काका," तो म्हणाला.

पडदा उघडला तेव्हा आत काहीच नव्हतं. अण्णांच्या पडद्यावर त्यांचा बैल होता, भिकाजींच्या पडद्यावर देव, काशीबाईंच्या पडद्यावर त्यांनी बघितलेलं काश्मीर. इथे नुसती मोकळी जागा. सर्वेशने मेल जोडून दिला, नाव घातलं. "आता सही. पद काय घालू? लिपिक?"

"मी तिका लिवतंय," गुरुदास म्हणाला. "तिका लिपिक कित्याक?" आणि त्याने त्या चौकटीत स्वतः टाइप केलं: पप्पा.

"काका, ह्या आता तुमच्या सगळ्या मेलांखाली आपसूक येतला हां."

"येवंदे. आणखी कोणाक लिवतलंय मी?"

मग काशीबाईंनी सगळ्यांना माडीवरून खाली काढलं. चौघं भुसारी दुकानाच्या फळीवर रांगेने बसले. दुकानदाराने विचारलं, वर काय चाललंय? भिकाजी म्हणाले, "कामकाज."

वर गुरुदासने लिहिलं, 'आपणास कळविण्यात येते की'. हे अण्णा होते. खोडलं. 'तुला सवड असल्यास'. हे भिकाजी. खोडलं. 'ये. असं चालायचं नाही.' हे तर सरळच काशीबाई. तेही खोडलं. तिघांना बाहेर काढल्यावर आत कोणी उरतं का ते बघत तो बराच वेळ बसून राहिला. दुकानदाराने चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला, आणि तरी वरून काही हालचाल नव्हती. पुढे कधीतरी कीबोर्ड वाजला. फार नाही वाजला.

'रसिका, मोप्याचा तिकीट काढ. तुका न्हेवक मी येतंय. स्टेशनार इल्लंय नाय, आता इमानतळार येतंय. पप्पा.'

---

रसिकाचं उत्तर आलं ते फक्त गुरुदासच्या घरात आलं. अण्णांनी बैठकीत विचारलं, "कायेक कळला?" गुरुदास म्हणाला, "कळला." आणि त्याने वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याचं पत्र वाचायला घेतलं. त्याने बैठकीसमोर न वाचलेलं ते संस्थेच्या इतिहासातलं पहिलं पत्र. त्यात लिहिलं होतं, 'पप्पा, मोप्याचा काढूक सांगलंय. हार-बीर हाडू नकात, माका लाज दिसता.'

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी अण्णा माडी चढून आले. ऑफिसात कोणी नव्हतं. अण्णांचा युजर नियमाप्रमाणे कालपासूनच उघडून ठेवलेला होता, आणि त्यात एकच नवा मेल होता. वाचून दाखवायला माणूस नाही म्हटल्यावर अण्णा खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि स्वतः वाचू लागले.

'मा. अध्यक्ष, सविनय अर्ज करतो की, मोपा विमानतळ येथे जाणे असल्याने उद्याची किरकोळ रजा मंजूर व्हावी ही विनंती. आपला नम्र, गुरुदास हडकर.'

आणि त्याखाली, आपोआप:

'पप्पा'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. ते गुरुदासपेक्षा वयाने मोठे होते. जाऊन भिकाजींना विचारावं असं त्यांना वाटलं. मग वाटलं, नको.

अर्ज कालचा होता. म्हणजे 'उद्या' आजच होता. आजवर गुरुदासच्या रजेची मंजुरीही गुरुदासच लिहायचा, अण्णांच्या नावाने आत जाऊन. या वेळी त्याने लिहिलेली नव्हती. का लिहिलेली नव्हती ते अण्णांना कळेना. गडबडीत विसरला असेल, किंवा नसेलही.

अण्णांनी उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं. 'र' कुठे आहे ते शोधलं. मग काना नाही म्हणून 'ज' शोधला, मग काना शोधला. पालवांच्या घरात आजपर्यंत कोणी कोणाला काही टाइप करून दिलेलं नव्हतं. अनुस्वारासाठी त्यांनी सगळी बटणं एकेक करून वाचली. खाली दुकानदार तराजू आपटत होता. बऱ्याच वेळाने पडद्यावर दोन शब्द उभे राहिले:

'रजा मंजूर'

त्यांनी पाठवलं. त्या दोन शब्दांच्या खाली त्यांची सही जाऊन बसली, आणि सहीच्या खाली सात दिवसांत लेखी खुलासा न आल्यास गुरुदासचं काहीही म्हणणं नाही असं गृहीत धरलं गेलं.

ते उत्तर गुरुदासच्या घरात जाऊन पडलं. ते वाचायला आत कोणी नव्हतं.